बंद कोपऱ्यातली मरळ

जवळ सरक, रोहिणी. अजून थोडी. फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ करतेस आणि तिकडे दुसरंच काहीतरी करत बसतेस, हे मला कळत नाही असं समजू नकोस. म्हणून हे लिहून धाडते आहे. लिहिलेलं तरी अर्ध्यावर टाकू नकोस. तुझ्या आज्याचं तुला काही म्हणजे काही माहीत नाही. यात दोष तुझ्या एकटीचा नाही, तुझी माय ते सांगायची नाही. आमची माय गेली, बा तर कधीचाच गेला. मग सांगणारी उरली कोण? मी.

परवा तू समुद्रकाठच्या त्या गावाचं सांगत होतीस, जिथे तू काम करतेस. पोवळं म्हणजे दगड नाही, जिता जीव आहे, त्याच्या फटीफटींत माशांची पिल्लं वाढतात, आणि म्हणून गावच्या कोळ्यांनी मिळून खडकाचा एक भाग मासेमारीला बंद ठेवलाय, असं तू मोठ्या कौतुकानं सांगितलंस. आमच्या भागात पोवळं दिसतं ते सोनाराच्या अंगठीत, तेही कुणाची ग्रहदशा वाकडी असली तर. पण पिल्लांचं घर आणि बंद कोपरा म्हटल्यावर मी इकडे गप्प झाले. तुला वाटलं रेंज गेली. रेंज गेली नव्हती गं.

भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढची ही वर्षं. माझी आत्या त्या वाटणीत एका दिवसात परजिल्ह्यातली झाली, आणि बा तिला दर राखीला विचारायचा, “आता तुह्या गावाले याले पासपोट लागते का वं?” असा होता तुझा आजा. हसताना त्याचे खांदे आधी हलायचे, आवाज मागून यायचा. आमचं गाव एकोडीच्या अंगाला, चारीकडे धानाच्या बांध्या आणि मधोमध तलाव. आमची ढिवरांची, म्हणजे तलावातल्या कोळ्यांची, घरं पाळीच्या खालीच होती. मागच्या दारातून निघालं की दहा-वीस पावलांत पाळ, आणि पाळ चढलं की पाणी. घरात सगळ्याला पाण्याचा वास. मला अजून ऐकू येतो तो आवाज म्हणजे बाच्या जाळ्याचा. जाळ्याच्या काठाला शिशाच्या गोळ्या ओवलेल्या असतात. बा ते खांद्यावर टाकून अंगणातून निघाला की त्या एकमेकींवर वाजायच्या, छुन छुन छुन, नव्या नवरीच्या पायातलं काही वाजावं तसं. त्या आवाजावर आम्ही दोघी बहिणी उठायचो, तुझी माय शेवंता आणि मी. जाळं तो स्वतः विणायचा. संध्याकाळी खुंटीला दोरा बांधून बसायचा आणि विणता विणता मायला चिडवायचा.

आमच्यात कामाची वाटणी होती. गडी माणसं डोंगा घेऊन खोल पाण्यात जायची. तिथली रोहू-कतला मच्छीमार सोसायटीची. आणि बायका काठाकाठानं गुडघाभर पाण्यात हातजाळी घेऊन फिरायच्या. झिंगे, मुऱ्या, डाडक, कधी नशीब असलं तर मरळ, ते सगळं बायकांचं. ते विकून मीठ-मिरची यायची आणि उरलेलं घरी शिजायचं. मायच्या हातचे अंबाडी घातलेले झिंगे आणि गरम भात. तेवढ्यावर मी नववीपर्यंत शिकले बघ. पुढची शाळा सुटली, ती वेगळी गोष्ट. नंतरचं वाचायला मी साकोलीच्या बाजारातल्या पुड्यांच्या कागदांवरून शिकले, म्हणून माझं ज्ञान जागोजाग फाटलेलं आहे.

मग आमच्या लोकांनी एक चूक केली, आणि ती हौसेनं केली. तलाव स्वच्छ करायचा ठरवला. सोसायटीच्या गड्यांना कुणी सांगितलं की पाण्यातलं गवत म्हणजे घाण, ते काढलं की मोठा मासा जोमानं वाढतो. बा त्यात सगळ्यांच्या पुढे. पाण्याखालचा चिला उपटला, तरंगत्या पानांचा चौरा उपटला, काठाचं देवधान कापून टाकलं, आणि उरलंसुरलं खायला गवत खाणारा परका मासा आणून सोडला. आम्ही त्याला गवत्याच म्हणायचो. त्या वर्षी तलाव आरशासारखा झाला. बानं गावभर मिरवलं, “पाह्य, चेहरा दिसून राहिला!” मोठा मासाही निघाला. पण बायकांच्या हातजाळीत हळूहळू काहीच यायचं बंद झालं. दिवसभर पाण्यात उभं राहून माय परत यायची तेव्हा टोपलीच्या तळाला चिखल असायचा. आम्ही लाखोळीच्या डाळीवर जेवायचो, आणि मासे खायचे झाले तर साकोलीहून बर्फातले आणायचे. ढिवराच्या घरात बर्फातला मासा! कौसल्याकाकी, आमची शेजारीण, जिभेची मोठी तिखट, ती म्हणायची, “याच्यापरीस फोटू आनून भिंतीले लावा.”

एका संध्याकाळी माय जेवण वाढता वाढता म्हणाली, “त्यायचं घर मोडलं तुमी, अन् आता इच्यारता का मासा काहून राहत नाही.” आवाज चढवला नाही. बाचा घास हातातच राहिला.  

त्यानंतरची दोन-तीन वर्षं मायनं आणि बायकांनी जे केलं, ते तुमच्या त्या पोवळ्यासारखंच. गवत्या मासा जमेल तितका काढून घेतला. जंगलाकडच्या एका बोडीत, लहानशा तळ्यात, चिला आणि चौरा अजून शाबूत होता, तो उपटून ओल्या पोत्यांत बांधून आणायचा आणि आपल्या तलावाच्या चिखलात ओळीनं लावायचा, धानाची रोवणी करावी तशी. पोती सायकलवर कुणी आणली? बानं.  उन्हात, नागझिऱ्याकडच्या त्या चढावरून. कौसल्याकाकी ओरडायची, “पयले उपटाले पुढं, आता लावाले पुढं. तुमाले दुसरा धंदा नाही का गा भाऊजी?” आणि बा म्हणायचा, “दोनी बाजूनं मजुरी भेटते न.” मजुरी कुणालाच नव्हती. रोवणी करताना मीही कमरेपर्यंत चिखलात असायची. बोटांनी खळगा करायचा, मुळी आत दाबायची, दुसऱ्या हातानं चिखल सारायचा. बायका गाणी म्हणायच्या, आणि गाणी संपली की सासूंची निंदा करायच्या.

मग तलावाचा उगवतीचा कोपरा बांबू रोवून बंद केला. तिथे कुणीही जाळं टाकायचं नाही, गळ टाकायचा नाही, हातसुद्धा घालायचा नाही. हे ठरलं ती सभा पाळीवरच्या मोहाच्या झाडाखाली बसली होती. नियम मोडला तर काय करायचं यावर वाद चालला. दंड म्हटलं तर कुणाच्या घरात काय असणार. तेव्हा मागून बाच बोलला, “ज्यानं मोडलं त्याचं जाळं याच मोहावर टांगा. पुढच्या रोवणीपर्यंत पान्यात उतरू देऊ नका. ढिवराले याच्याहून मोठी शिक्षा कोनती?” सगळे हसले, काही जणांनी टाळ्या वाजवल्या, आणि तोच नियम झाला.

आता तुझी गोष्ट येते. ज्या पावसात तू जन्मलीस, त्याच पावसात त्या बंद कोपऱ्यात मरळीची पहिली जोडी आली. मरळ तू पाहिली आहेस की नाही मला माहीत नाही, तुम्ही समुद्राची माणसं. काळी, सापासारख्या डोक्याची, जबरदस्त ताकदीची. पण पिल्लांवर तिची माया अशी, की बघत राहावं. पिल्लं शेंदरी असतात, बारीक, शेकड्यानं एका घोळक्यात फिरतात. श्वास घ्यायला सगळी एकदम वर येतात तेव्हा तेवढंच पाणी रटरटतं, भाताला उकळी फुटावी तसं. आणि खाली आईबाप दोघं फिरत राहतात. बगळा येवो, दुसरा मासा येवो, अंगावर जातात. आम्हा ढिवरांना लहानपणापासून ठाऊक, की घोळावरची, म्हणजे पिल्लांचा घोळका राखणारी, मरळ पकडायला सगळ्यात सोपी. ती पिल्लं सोडून पळत नाही.

त्या शेंदरी घोळासाठी गाव वेडं झालं होतं. बायका शेतावर जाताना वाकडी वाट करून पाळीवरून जायच्या. माय तर रोज जायची. यायची आणि सांगायची, “आज चौऱ्याच्या पानाखाली होते,” किंवा “आज मोठे दिसले.” घरात एक बाळंतीण असून ती माशांच्या पिल्लांचं सांगत बसायची. तुझी माय चिडायची, “माह्या लेकराचं वजन कोनी इच्यारत नाही.”

पण विचारत होते सगळेच. तुझी माय बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि साकोलीच्या दवाखान्यातून घरी आली ती पांढरी फटक होऊन. बाळंतपण फार अवघड गेलं होतं. दूध येत नव्हतं आणि तू रडून रडून आवाज बसवून घेतला होतास. तिला काही खाववत नव्हतं. डाळ समोर ठेवली की मान फिरवायची. डिंकाचा लाडू तसाच राहायचा. आमच्यात बाळंतिणीला मरळीचा रस्सा देतात, मिरे-लसूण घालून, पातळ. जी आई तो देते, तिला तिच्या आईनं दिलेला असतो. एका दुपारी डोळे मिटून पडल्या पडल्या तुझी माय म्हणाली, “बा, मरळ भेटन का?” बा खाटेच्या पायथ्याशी बसला होता. म्हणाला, “भेटन न. मरळीले का दुष्काळ?”

तो साकोलीला गेला. बाजारात मरळ नव्हती. कोंढ्याला तुझ्या बापाकडे निरोप धाडला, तिकडेही मिळाली नाही. दोन दिवस तो आपल्याच तलावाच्या उघड्या पाण्यात जाळं टाकत राहिला. मी पाळीवरून बघत होते. जाळं फेकायचं, ओढायचं, झटकायचं. आम्हीच आरसा केलेलं ते पाणी, त्यात अजून कुठून यायची मरळ?

तिसऱ्या दिवशी मी उठले ती जाळ्याच्या आवाजाशिवाय उठले. बा मागच्या दारात उभा होता, लुंगी ओली, आणि हातात मरळ. चांगली हातभर. माय चुलीपाशी होती. तिनं मासा पाहिला आणि कुठली ते विचारलं नाही. बाच म्हणाला, “एक ठेवली तिथं.”

“एकीनं भागते का?” माय म्हणाली.

“पोरगी जाते का राहते, अशी गत हाये, शेवंतेची माय. मी का करू?”

 मायनं विळी घेतली, राख घेतली, आणि मासा साफ करायला बसली. माझ्या डोळ्यांपुढे अजून ते आहे: ती खवले काढत होती आणि तिच्या नाकावरून थेंब त्या राखेत पडत होते. रस्सा तिनं जसा करायचा तसाच केला. मिरे वाटले, लसूण ठेचला. वाटी तुझ्या मायच्या तोंडाला लावली आणि म्हणाली, “गरम हाये, फुंकून पी.” तुझ्या मायनं पहिल्यांदा पूर्ण वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी दूध उतरलं; रस्स्यानंच उतरलं की आपोआप, ते देव जाणे. तू प्यालीस आणि झोपलीस. घरात पहिल्यांदा शांतता झाली.

दुपारी माय मला घेऊन पाळीवर गेली. घोळ होता. खाली एकच मरळ फिरत होती. एका टोकाला कुणी आलं की ती तिकडे धावायची, तोवर दुसऱ्या टोकाला खंड्या सूर मारायचा.  पुढचे काही दिवस आम्ही रोज गेलो, आणि तो शेंदरी डाग रोज लहान होत गेला. मग एके दिवशी पाणी नुसतं पाणी होतं.

सभा बोलवली ती मायनंच. कुणाला पत्ता नव्हता. बगळ्यांनी खाल्ली असतील, असंच गावाला वाटत होतं. माय उभी राहिली आणि म्हणाली, “बंद कोपऱ्यातली मरळ माह्या घरी शिजली.”

कौसल्याकाकीनं तिचा पदर ओढला. “बस वं खाली. बाळंतिणीसाठी होती. कोनी काही म्हनत नाही.”

“कोनी म्हनत नाही म्हनूनच उभी झाली,” माय म्हणाली. “आज माही बाळंतीण. उद्या तुही. मंग त्या कोपऱ्यात का बांबू राखाचे हायेत?”

कुणीच वर बघेना. एक म्हातारा म्हणाला, यंदा सोडून देऊ, पुढच्या खेपेपासून नियम पक्का. दोघा-तिघांनी माना हलवल्या. खरं सांगते रोहिणी, मीही मान हलवली. तेवढ्यात बा मागून उठला आणि घराकडे चालू लागला. आम्हाला वाटलं रागानं गेला. पण आवाज आला, छुन छुन छुन. तो जाळं खांद्यावर घेऊन परत आला. मोहाखाली बसून त्यानं ते नीट झटकलं, घडी घातली, गोळ्या आत घेतल्या, आणि फांदीवर स्वतःच टांगलं. कौसल्याकाकीकडे बघून म्हणाला, “उंच झालं का वहिनी? तुमाले दिसाले पायजे.” ती काकी, जिनं कधी कुणाला शब्द परत दिल्याशिवाय सोडलं नाही, ती तोंडात पदर घालून रडली.

मला विचारशील, मायनं बरोबर केलं का, तर मी इतकी वर्षं विचार करून थकले आहे. कधी वाटतं, बायकांच्या टोपल्या आज भरतात त्या तिच्या त्या एका वाक्यामुळे. कधी वाटतं, गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं. तुमच्या समुद्रावर असं काही झालं, तर तुम्ही काय करता गं? तिथे नियम मोडणारा परका असतो का? आमच्याकडे तो रोज जेवायला घरी येत होता.

पाण्यात उतरता येईना म्हणून बा साकोलीच्या एका राईस मिलमध्ये हमालीला लागला. आयुष्य ओल्यात काढलेला माणूस, कोंड्याच्या धुळीत उभा राहिला. संध्याकाळी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या. “पाह्य मंदे, म्हातारा झालो एका दिवसात,” मला म्हणायचा. दिवाळीपर्यंत खोकला लागला. लोकांनी किती वेळा सांगितलं, जाळं उतरवा आता, पुरे झालं. बा म्हणायचा, “नियमात अर्धं नसते गा.” मायशी तो कधी वाकडं बोलला नाही. चिडवणं मात्र बंद झालं. विणायला जाळं नव्हतं, म्हणून संध्याकाळी काय करावं हे त्याला समजायचं नाही, हात मांडीवर ठेवून बसायचा. माय रोज पाळीवरून यायची तेव्हा मोहापाशी थांबायची आणि जाळ्यात अडकलेली वाळकी पानं एकेक करून काढायची. घरी ती हे कधी बोलली नाही. मी लांबून पाहिलं आहे.

तुझ्या मायला सभेचं कळलं ते तुला बघायला आलेल्या कुणाच्या तरी तोंडून. ती खाटेवरून उठली आणि बापासमोर येऊन बसली. बा म्हणाला, “मरळ मी मारली. तू फक्त जेवली. जेवनाऱ्याले पाप नाही लागत बाई.” तिनं ऐकलं, पण तिला ते पटलं नाही. सव्वा महिना व्हायच्या आतच ती तुला घेऊन कोंढ्याला निघून गेली. एसटीत बसताना तिनं पाळीकडे पाठ केली होती. त्यानंतर ती माहेरी आली ती लग्नाला-मयताला, आणि मागचं दार तिनं कधी उघडलं नाही.

पुढची रोवणी झाली. त्या दिवशी मायनं चिखलाच्या हातांनी जाळं उतरवलं, तलावात धुतलं, आणि अंगणात आणून बाच्या पुढ्यात ठेवलं. बानं गोळ्या चाचपल्या. उचलायला गेला, तर खोकल्यानं वाकला. खांद्यावर घ्यायची ताकद राहिली नव्हती. “राहू दे,” म्हणाला, “सुकू दे पयले.” ते जाळं त्यानं पुन्हा फेकलं नाही.

पाऊस स्थिरावल्यावर एका सकाळी त्यानं मला डोंगा काढायला लावला. मी बांबूनं रेटत नेला, तो पुढे बसला, अंगाभोवती मायचं जुनं लुगडं गुंडाळून. बंद कोपऱ्याबाहेर थांबवायला सांगितलं. चौऱ्याची पांढरी बारीक फुलं पाण्यावर पसरली होती. खूप वेळ काही नाही. मग चौऱ्याच्या पलीकडे पाणी रटरटलं. शेंदरी. आणि खाली दोन काळ्या सावल्या, एक इकडून, एक तिकडून.  बाचे खांदे हलले, मला वाटलं हसतोय, मी आवाजाची वाट पाहिली. आवाज आला नाही. परत फिरताना एवढंच म्हणाला, “शेवंतेले सांग, दोनी हायेत.” भादव्यात तो गेला.

मी सांगितलं गं तुझ्या मायला. कोंढ्याला जाऊन सांगितलं. तिला वाटलं मी समजूत घालते आहे. तेव्हापासून ती आमच्या घरी आली की तोंड पुढच्या दाराकडे करून जेवते, आणि मी तिला पुन्हा कसं सांगावं ते मला सापडत नाही. मला तोंडी सांगणं जमत नाही, म्हणून तुला कागदावर सांगते आहे.

तू ये रोहिणी. लवकर ये. श्रावणात ये, आणि तिला सोबत घेऊन ये. तुझं ती ऐकते. मासे नको असतील तर मासे करणार नाही, वांगं-आलू करीन, वरण-भात करीन. कुणी काही बोलणार नाही, मी तोंडाला कुलूप लावीन, मला जमलं तर. तुम्ही दोघी मागच्या दारानं बाहेर या, पाळ चढा, आणि उगवतीच्या बंद कोपऱ्याकडे तोंड करून बसा. मी चहा घेऊन मागून येते.